ढुमताईचा फंक

दि. ११ मार्च, मंगळवार.
सकाळी नळाला पाणी बारीक. बादल्या भरून ठेवल्या. चष्म्याची काडी पुन्हा सैल झाली, दोरा गुंडाळला. धाकटीचा फोन, नातीचा पुढचा दात पडला. पाव शिळा निघाला, तव्यावर भाजून संपवला. दुपारी खालची ढुमताई वर आली. हातात कापडी पिशवी, पिशवीत जॅकेट. धुतलेलं. चहा घेतला नाही.

रोजनिशीत मी मतं लिहीत नाही. शाळेत सिस्टरांनी तशी शिस्तच लावली होती. काय घडलं ते वहीत लिहा, कसं वाटलं ते देवाला सांगा. पण त्या दिवशी ‘धुतलेलं’ या शब्दाखाली मी रेघ ओढली आहे. का ओढली ते कळायला ढुमताई कोण हे आधी माहीत हवं.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, बरोबर माझ्या स्वयंपाकघराच्या खाली, तिची लाँड्री आहे. दोन मोठी मशीनं, एक वाफेची इस्त्री, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली लोखंडी दांडी आणि तिच्यावर लटकणारे लोकांचे कोट, झगे, पडदे. ती स्वतः बुटकी, खांद्याला रुंद, केस कानाच्या वर कापलेले, बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या. ढुमताई हे नाव इमारतीने ठेवलं, आणि त्याचं कारण तिची बेस गिटार. संध्याकाळी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं की ती इस्त्रीच्या टेबलावर बसून वाजवायची. सूर वरपर्यंत पोचायचे नाहीत, पोचायचं ते फक्त ढुम, ढुम, ढुम. माझ्या कपाटातल्या कपबशा किणकिणायला लागायच्या.

आमचे हे गेल्यावर मी या घरात राहायला आले, त्या पहिल्याच आठवड्यात मी तावातावाने खाली गेले.

“अहो, तुमच्या या ढुम ढुमनं माझ्या कपबशा नाचतात.”

“कुठल्या? चांगल्या की रोजच्या?”

“चांगल्या.”

“मग बरोबर आहे. रोजच्या बिचाऱ्यांना नाचायला वेळ कुठला!”

भांडायला गेलेली मी हसत परत येणार हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा जरा आब राखून विचारलं, “पण हे वाजवता तरी काय?”

“फंक.”

हा शब्द मला चांगला माहीत होता. आमच्या शाळेत खेळाच्या सिस्टर होत्या. उंच उडीच्या दांडीपुढे कुणी थबकली की त्या मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायच्या, “फंक करू नकोस!” म्हणजे कच खाऊ नकोस, घाबरून मागे फिरू नकोस. मी त्या दांडीपुढे बऱ्याचदा थबकले आहे, त्यामुळे शब्द पक्का बसला होता.

“फंक म्हणजे भीती ना?” मी म्हटलं.

“असेल बाई. मला भीती वाटते हे खरंच. पण आमचा फंक म्हणजे गाण्याचा एक प्रकार, काकू. पहिल्या ठोक्याला जीव ओतायचा. तो एकदा नीट बसला की पुढे कंबर आपली आपण हलते.”

“माझी कंबर दुखते.”

“मग हलवून तर बघा.”

त्या संध्याकाळी मी यांचा जाडजूड शब्दकोश दोन्ही हातांनी खाली काढला. त्यात भीती होती, संगीत होतं आणि आणखी एक अर्थ होता, उग्र वास. घामाचा, कोंदट खोलीचा, न धुतलेल्या अंगाचा. सांगावं की नाही असा विचार करत होते. लाँड्रीवाल्या बाईला असं कसं सांगायचं? शेवटी दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिने मांडीवर थाप मारली.

“बघा! आमचा दादा हेच म्हणायचा. वाजवून झाल्यावर ज्याच्या अंगाला वास येत नाही, त्याने फंक वाजवलाच नाही!”

हा दादा तिचा थोरला भाऊ. तेव्हा तो होता. त्याच्याकडे येते, पण आधी तिचं नाक.

तिच्या कामाची रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. कपडा काउंटरवर आला की आधी नाकाला. कॉलर, मग काख, मग पाठ. आणि मग मागच्या चारांपैकी एका टोपलीत. पहिली टोपली मेहनतीच्या घामाची. दुसरी तळणीची आणि धुराची. तिसरी कुबट, ट्रंकेत पडून राहिलेल्या कपड्यांची. चौथी सगळ्यांत लहान. तिला ती ‘घाबरट टोपली’ म्हणायची.

“भीतीचा घाम वेगळा असतो, काकू. राबणाऱ्याचा घाम खारट वासाचा, गार पाण्यात जातो. भीतीचा कांद्यासारखा उग्र आणि चिवट. त्याला आधी व्हिनेगरच्या पाण्यात भिजवावं लागतं, नाहीतर इस्त्री फिरली की पुन्हा वर येतो.”

“कुणाचे कपडे असतात त्यात?”

“नोकरीच्या मुलाखतीचे शर्ट. पहिल्यांदा भाषण करणाऱ्यांचे. नवरदेवांचे तर झाडून सगळे.”

“आणि नवरीमुलींचे?”

“त्यांच्या कपड्यांना अत्तराचा वास असतो. त्या आधीच विचार करून आलेल्या असतात.”

बस चालवणारे एक गृहस्थ तिच्या बँडमध्ये ड्रम वाजवतात. एकदा त्यांच्या कामाच्या शर्टाला नाक लावून ती म्हणाली, “काल ब्रेक जरा उशिरा लागला का हो?” त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. पण हे तिने त्यांना एकट्याला, हळू आवाजात विचारलं होतं. एकाच्या कपड्यातली गोष्ट दुसऱ्याच्या कानावर तिने कधी घातली नाही. मला हे माहीत आहे ते त्या ड्रमवाल्यांनीच सांगितलं म्हणून. एवढं तयार नाक आणि एवढं मिटलेलं तोंड एका माणसाच्या चेहऱ्यावर असणं ही साधी गोष्ट नाही.

दादा आमच्याच इमारतीत राहायचा, नळदुरुस्तीची कामं करायचा आणि रविवारी गायचा. बँड त्यानेच उभा केलेला. उंच, आवाजाने मोठा, जिन्यातून जाताना प्रत्येकाच्या दाराशी काहीतरी बोलून जाणारा. कार्यक्रमाला तो एकच जॅकेट घालायचा. तांबड्या कॉर्डुरॉयचं, रुंद कॉलरचं. ते जॅकेट जन्मात धुतलं गेलं नव्हतं. तो कार्यक्रमाच्या हॉलवरून परतला की पाच मिनिटं जिन्यात कळायचं. मी दाराच्या फटीला पायपुसणं लावायची.

“दादा, लोक काय म्हणतील? बहिणीची लाँड्री आणि भाऊ असा!” ढुमताई म्हणायची.

“लोक लांब बसतात,” दादा म्हणायचा.

ती बेस वाजवायला लागली ती दादाच्या मित्रामुळे. तो बेस वाजवायचा, आणि एका रविवारी ऐन वेळेला त्याने कच खाल्ली, आलाच नाही. ढुमताई तेव्हा विशीचीसुद्धा नव्हती. घरी भावाच्या मागे बसून सगळी गाणी तिने बोटांत घेतली होती, पण चार माणसांपुढे कधी वाजवली नव्हती. पडद्यामागे तिचे हात बर्फ झाले. ती मागच्या दाराकडे निघाली. दादाने जॅकेट काढलं आणि सरळ तिच्या डोक्यावर टाकलं.

“आत श्वास घे.”

“मरेन मी!”

“यातून जिवंत बाहेर आलीस तर मग बाहेरच्यांना काय घाबरायचंय?”

ती हसत बाहेर आली आणि हसत हसतच स्टेजवर चढली. त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमाआधी तिने तेच केलं. हात गार पडायचे, ती जॅकेटमध्ये नाक घालायची आणि वर चढायची. दादा गेल्यावरही केलं. जॅकेट एका कापडी पिशवीत, तोंडाला गाठ मारून, दांडीच्या शेवटच्या खिळ्याला असायचं. दुकानातल्या प्रत्येक वस्तूला नावाची चिठ्ठी टाचलेली असते. त्या एका पिशवीला नव्हती. लागतच नव्हती. तिला ती नाकाने सापडायची.

फेब्रुवारीत तिला ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. तिने हे कुणालाही सांगितलं नाही. कपडा नाकापाशी नेण्याची सवय चालूच होती, नुसती दाखवण्यापुरती. टोपल्या ती आता रंग आणि डाग बघून भरायची. काउंटरवर तिची सून बसते. जिभेने तिखट पण मनाने सरळ पोरगी. तिच्याकडे कपडे परत यायला लागले.

“आई, हा शर्ट परत आला. म्हणतात, मासळीचा वास तस्साच आहे.”

“मग मासळी खाऊ नये.”

“हे मी गिऱ्हाइकाला सांगू?”

“सांग. माझं नाव सांग.”

एवढ्यावर आधी दोघी हसल्या असत्या. आता हसत नव्हत्या. संध्याकाळची ढुम ढुमही बंद झाली. माझ्या कपबशा गप्प होत्या, आणि मला त्या गप्प आहेत हे जाणवत होतं. धाकटीशी फोनवर बोलता बोलता हे निघालं, तर ती म्हणाली, “आई, ती फंकमध्ये गेली असेल.”

“कुठल्या?”

“कुठल्या काय? म्हणजे उदास झाली असेल गं. मन लागत नसेल कशात.”

म्हणजे शब्दकोशानंतरही अर्थ वाढतच होते. मी ढुमताईसाठी एक भांडं सूप करून खाली नेलं. ती सगळं प्यायली आणि “छान झालंय” म्हणाली. घरी येऊन मी उरलेलं चाखलं. त्यात मीठच नव्हतं. तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं, पण नाही कळलं.

त्यानंतरच्या सोमवारी एका नाटकमंडळीचे पाच कोट धुवायला आले. पितळी बटणांचे, जड. असे कपडे मशीनमध्ये फाटू नयेत म्हणून ती एकेक कोट कापडी पिशवीत घालते, तोंडाला गाठ मारते आणि पिशवीसकट धुते. रात्रीपुरत्या त्या पिशव्या तिने दांडीला लावल्या. मंगळवारी सकाळी कवेत घेऊन मशीनकडे नेल्या. एरवी मशीनच्या तोंडाशी ती प्रत्येक पिशवीची गाठ सैल करायची आणि एकदा नाक लावायची. ती शेवटची तपासणी. त्या दिवशी लावलं नाही. लावून काही उपयोग नाही हे फक्त तिलाच माहीत होतं.

वाळवायला पिशव्या सोडल्या तेव्हा कोट पाच निघाले आणि सहाव्या पिशवीतून तांबडं कॉर्डुरॉय.

ते इस्त्रीच्या टेबलावर पसरून जेमतेम वाळवून ती माझ्याकडे आली. दारातच म्हणाली, “काकू, तुमचं नाक कसं आहे?”

“वयाच्या मानाने बरं आहे. का गं?”

“मग याचा वास घ्या. आणि खरं सांगा. शाळेत सिस्टरांना सांगायचात तसं.”

मी जॅकेट हातात घेतलं. कुणाचं ते लगेच ओळखलं, आणि ओळखलं ते डोळ्यांनी, हेच मुळात विपरीत होतं. कॉलर हुंगली. काख हुंगली. पाठ, अस्तर, खिशाच्या आतली शिवण. जो वास येऊ नये म्हणून मी दाराला पायपुसणं लावायची, तो मी आता शिवणीशिवणीत शोधत होते. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

“साबण,” मी म्हटलं.

“फक्त?”

“फक्त साबण.”

“म्हणजे चांगलं धुतलंय,” ती म्हणाली आणि माझ्या स्वयंपाकघरात, फरशीवर, भिंतीला टेकून बसली. मग तिने ताप, नाक, पिशव्या सगळं सांगितलं. “मला वाटलं, मलाच येत नसेल. आत कुठेतरी राहिला असेल. म्हणून तुमच्याकडे आले.” जॅकेट माझ्या हातातून परत घेऊन म्हणाली, “रविवारी मी नाही वाजवणार. त्यात नाक घातल्याशिवाय मी एकदासुद्धा वर चढलेली नाही.”

रविवारी दुपारी हॉलमध्ये नाचाचा कार्यक्रम होता. त्यांच्या बँडचा वर्षातला मोठा. तिने बँडला तब्येतीचं कारण कळवलं. बुधवारी त्यांचे सॅक्सोफोनवाले चौकशीला आले, तेव्हा मी दुकानातच होते. ते दातांचे डॉक्टर आहेत, दादानंतर बँड तेच सांभाळतात. भला माणूस, पण अडचण दिसली की लगेच उपाय सुचवणारा.

“ताई, तुम्ही आराम करा. बेसचं काम मशीनवर लावता येतं आता. सगळी गाणी आधी भरून ठेवायची, बटण दाबलं की झालं.”

काउंटरमागून सून म्हणाली, “डॉक्टर, तुमच्याकडे दातसुद्धा बटण दाबून पडतात का हो?”

“अहो, मी आपलं या वेळेपुरतं म्हणतोय.”

“यांचं बघितलंत का, आई? दुकानात दोन मशीनं आहेत, ती काय कमी पडली?”

“लावा मशीन,” ढुमताई म्हणाली आणि आत गेली.

डॉक्टर खरंच ओशाळले. जाताना मला हळूच म्हणाले, “त्या भांडतील असं वाटलं होतं मला.” मशीनचा विषय एका रविवारपुरता नाही हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. एकदा बटणाने काम भागलं की तिला कोण पुन्हा बोलावणार, आणि बोलावलं तरी ती कशी वर चढणार?

संध्याकाळी सून वर आली. “काकू, जॅकेटचं मला कळलंय. रिकामा खिळा दिसतो की. मी बोलायला गेले तर म्हणतील, सून टोचते. तुम्ही बोला.”

मला सुचलं ते एवढंच की गुरुवारी सकाळी खाली जाऊन मी म्हटलं, “तुमचं नाक येईपर्यंत माझं वापरा. निदान दुकान तरी नीट चालेल.”

नाक शिंकरायचे सुद्धा नियम असलेल्या शाळेत मी वाढले. परक्या माणसाच्या शर्टाच्या काखेत ते खुपसायचं कसं, हे तिथे शिकवलं नव्हतं. ढुमताईने शिकवलं.

“लाजू नका, काकू. जवळ न्या. काय येतंय?”

“घाम.”

“कुठला?”

“कुठला म्हणजे? घाम तो घाम.”

“जिने चढल्याचा की बोलणी खाल्ल्याचा?”

पहिल्या दिवशी माझ्या नाकी नऊ आले, आणि ते कसे येतात हे अक्षरशः कळलं. सून एकेक कपडा आणून देत होती आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून तोंडावर हात धरून हसत होती. पण तिच्या सासूला शिकवायला आवडत होतं. तिला काहीच येत नसताना ती नुसत्या माझ्या शब्दांवरून वास ओळखायची. मी म्हणायची, “ओल्या पुठ्ठ्यासारखा,” ती म्हणायची, “तिसरी टोपली, ट्रंकेच्या तळाचा.” मी म्हणायची, “आंबट, पण वाईट नाही,” ती म्हणायची, “तान्हं मूल आहे घरात, खांद्यावर दूध काढलंय त्याने. पहिलीत टाका, गार पाणी.” शुक्रवारी एक पांढरा शर्ट नाकाला लावला आणि मी तिला न विचारता चौथ्या टोपलीत टाकला. कांदा. चिवट, उग्र, नाकाच्या मागच्या बाजूला जाऊन बसणारा. एकदा कळला की विसरता येत नाही.

शनिवारी दुपारी दुकान आवरता आवरता ती म्हणाली, “माझ्या बाहीचंही बघा.” मी तिचा दंड धरून नाक लावलं.

“सांगा की.”

“चौथी.”

“वाटलंच होतं. उद्या वाजवायचं नाही, तरी.”

खिळ्यावर जॅकेट परत लावलेलं होतं, पिशवीविना. माझी नजर त्याच्याकडे गेली. आणि एकदम मला जिना आठवला. दादा हॉलवरून परतलेला, दाराबाहेर त्याचा मोठा आवाज, आणि माझ्या पायपुसण्यावरून आत शिरणारा तो वास. इतकी वर्षं मी त्याला नुसता घाम समजत होते. कारण मला तेव्हा वाचता येत नव्हता. आता येत होता.

“ढुमताई,” मी म्हटलं, “दादाचं जॅकेट कुठल्या टोपलीत गेलं असतं?”

तिने हातातला हँगर दांडीला लावला. मग म्हणाली, “चौथ्याच.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून. त्याने माझ्या डोक्यावर टाकलं ना, तेव्हा आत कळलं. तेव्हा लाँड्री नव्हती, टोपल्या नव्हत्या, पण माझ्या हातांना जो येत होता तोच वास होता. एवढा धिप्पाड दादा, आणि तो माझ्याइतकाच घाबरलेला. तरी दर रविवारी वर चढायचा.” तिने आणखी एक हँगर उचलला. “त्याला मी हे कधी सांगितलं नाही. पण मला त्यानेच बरं वाटायचं. धीर त्याच्या बोलण्याने नाही आला, काकू. त्या वासाने आला.”

सून काउंटरपाशी चिठ्ठ्या कापत होती. तिची कात्री थांबली होती.

“आता तो गेला,” ढुमताई म्हणाली.

“वास गेला,” मी म्हटलं. “जॅकेट आहे. आणि बाहीत भीती पण आहे तुमच्या, भरपूर.”

ती खिळ्यापाशी गेली, जॅकेट काढलं, अंगात घातलं. बाह्या बोटांच्याही खाली आल्या. तिने त्या सवयीने दुमडल्या, कोपरापर्यंत.

“आई,” सून म्हणाली, “इस्त्री करून देऊ?”

“हात लावशील तर खबरदार. धुतलंय एवढं पुरे.”

हॉलवर मी पहिल्यांदाच गेले. इतकी वर्षं जमिनीखालून ऐकलेलं कधी समोरून पाहिलं नव्हतं. सून आणि मी स्टेजच्या कडेला, बाजूच्या दाराजवळच्या खुर्च्यांवर बसलो. स्टेजवर बेसच्या जागी एका स्टुलावर ते मशीन होतं, बिचारं छोटंसं, डब्याएवढं. ढुमताई बाजूच्या दाराने आली तेव्हा ड्रमवाले काड्या हातात घेऊन बसले होते.

“अरे वा! आणि हे काय, दादांचं जॅकेट? इतकं स्वच्छ?”

“राहील थोडाच वेळ,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी मशीन स्टुलावरून उचललं आणि स्टूल तिच्यापुढे सरकवलं. मी म्हटलं ना, भला माणूस.

तिने गिटार खांद्याला अडकवली, पट्टा दोनदा ओढून बघितला. मला मागून दिसत होतं. जवळ पिशवी नव्हती, नाक नव्हतं, डोक्यावर कुणी काही टाकणार नव्हतं. ड्रमवाल्यांनी मोजलं आणि पहिला ठोका पडला, आणि तो तिचा चुकला. पूर्ण चुकला, उशिरा आला. तिने मागच्या दाराकडे पाहिलं. सूनबाईंनी माझा हात इतका जोरात धरला की अंगठी रुतली. ड्रमवाल्यांनी गाणं पुढे नेलंच नाही. तोच फेरा पुन्हा वाजवला, आणि पुन्हा, जणू असंच बसवलेलं आहे. तिसऱ्या फेऱ्याला ढुमताईने डोळे मिटले, अंगठा उचलला आणि ठोका दिला.

तो मला आधी खुर्चीत कळला, मग कानात. लोक उठले. मी संगीतातली जाणकार नाही. मला एवढंच सांगता येईल की पहिल्या ठोक्याला ती जीव ओतत होती आणि बाकीचा हॉल त्या ठोक्याला धरून चालत होता, जसं रांगेतलं मूल पुढच्याचा सदरा धरून चालतं. डॉक्टर गाल फुगवून तिच्याभोवती फुंकत होते. ती कुणाकडे बघत नव्हती. दुसऱ्या गाण्यात तिच्या पाठीवर, कॉर्डुरॉयवर, एक काळा ठिपका उमटला. चौथ्या गाण्यापर्यंत तो खांद्यांपर्यंत पसरला होता. सून माझ्या कानाशी म्हणाली, “काकू, तुमची कंबर!”

हलत होती. मी ती थांबवली नाही.

संपल्यावर आम्ही मागे गेलो. ढुमताई एका खोक्यावर बसून पाणी पीत होती. केस चिकटलेले, चेहरा लाल. तिने जॅकेट काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

“काकू, नाक.”

ड्रमवाले आणि डॉक्टर बघत होते. मी नाक लावलं. आधी कॉलर, मग काख, मग पाठ, शिकवलं होतं त्याच क्रमाने.

“वरती चौथी,” मी म्हटलं. “खाली सगळी पहिली.”

“आणि साबण?”

“नाही.”

ती हसली. नाक तिचं अजून आलेलं नाही, कदाचित येईल, कदाचित नाही. पण तिने जॅकेट तोंडावर धरलं आणि मोठा श्वास घेतला.

“असं ओलं पिशवीत घालू नका हं,” सून म्हणाली. “कुबटेल. तिसऱ्या टोपलीत जाईल.”

“माझी सून!” ढुमताई ड्रमवाल्यांना म्हणाली. “शिकली बघा.”

रविवारी दुकान बंद असतं, आणि त्यांच्या घराची खिडकी रस्त्यावर, धुळीत. तेव्हा जॅकेट माझ्याकडे आलं.

दि. १६ मार्च, रविवार.
हॉलवर जाऊन आले. चष्म्याची काडी तिथे पुन्हा निघाली, सूनबाईंनी टाचणी लावून दिली. रात्री दूध आणि पाव. चांगल्या कपबशा खालच्या फळीवर ठेवल्या. ढुमताईचं जॅकेट बाल्कनीतल्या दोरीवर, वाऱ्याला, दोन चिमटे लावून. वास फार येतो. बाल्कनीचं दार लावून घेतलं.